डोंगराचे भाडे

माझ्या घराला एक माडी आहे. माडी म्हणण्याइतकी ती ऐसपैस नाही. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून गच्चीवर चढवलेली दहा बाय बाराची एक खोली, बाजूला मोरी आणि दक्षिणेला एक खिडकी, एवढाच तिचा पसारा. पण त्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. तटापासून पायथ्यापर्यंत सबंध दिसतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की किल्लाच खोलीत बिऱ्हाड करायला आला आहे की काय असे वाटते. ही खोली मी गेली वीस वर्षे कॉलेजच्या मुलांना भाड्याने देत आलो आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत चिकटलो, आणि पोरांच्या वह्यांतली फुलदाणी तपासता तपासता चार कादंबऱ्या लिहिल्या. कॉलेज मी आतून पाहिले ते एखाद्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून. तरीही कॉलेजचा आणि माझा संबंध जुना आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत ते माझ्या हातावर पैसे ठेवते.

या खोलीत राहून गेलेल्या एका मुलाचे परवा पत्र आले. पत्र म्हणजे फोनवर आलेला लांबलचक मजकूर. पण मजकुराला 'सा. न. वि. वि.' होते, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो. मुलगा जावळीच्या खोऱ्यातला, शाळेत माझ्याच हाताखालचा. माझ्या माडीवर दोन वर्षे राहिला, पुढे पुण्याला गेला, आणि २०२३ पासून अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावी हवामानशास्त्र शिकतो आहे. आमच्या डोंगरात पाऊस किती पडतो हे ज्याने ओल्या अंगाने मोजले, त्याने हवामानशास्त्र शिकावे हे योग्यच झाले. पत्रात नव्या वर्षासाठी जागा शोधण्याची हकीकत होती आणि शेवटी एक प्रश्न होता : 'सर, इथे खोलीचे भाडे वेगळे आणि डोंगराचे वेगळे असे कोणी सांगत नाही, पण घेतात दोन्ही. डोंगराचे भाडे खरे कोणाला द्यायचे असते?'

प्रश्न त्याने सहज विचारला असेल. मला तो सहज वाटला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी ते गाव कसे आहे ते सांगतो. डेन्व्हरच्या वायव्येला पंचवीस-तीस मैलांवर, सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवर बोल्डर वसले आहे. गावाच्या पश्चिमेला रॉकी पर्वत भिंतीसारखा एकदम उठतो. पायथ्याशी वालुकाश्माच्या प्रचंड शिळा तिरप्या टेकवून ठेवल्यासारख्या उभ्या आहेत. त्यांना तिकडे 'फ्लॅटआयर्न' म्हणतात. म्हणजे आपली धोब्याची जुनी इस्त्री. विद्यापीठ १८७६ सालचे. लाखभर वस्तीचे गाव आणि त्यात पस्तीस हजारांवर विद्यार्थी! वर्ग सुटला की कोणी कडे चढायला जातो, कोणी सायकल काढतो, हिवाळ्यात कोणी बर्फावर घसरायला जातो. अशा गावी शिकायला जाणे म्हणजे पुस्तक आणि डोंगर दोन्ही एका मुठीत. साहजिकच तिथे सगळ्यांनाच राहायचे असते, आणि सगळ्यांना जिथे राहायचे असते तिथे जागेचा भाव काय होतो हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या या मुलाला पुढच्या ऑगस्टसाठी ऐन थंडीतच शोधाला लागावे लागले. विद्यार्थ्यांच्या जागांचे करार तिकडे बहुधा ऑगस्टपासून सुरू होतात आणि कित्येक महिने आधी उरकतात. जुना करार संपून नवा सुरू होईपर्यंत मध्ये आठ-दहा दिवसांची फट राहते. त्या दिवसांत चंबूगबाळे मित्राच्या गाडीत आणि आपण मित्राच्या सोफ्यावर. चौघांनी वाटून घेतलेल्या घरातल्या एकेका खोलीला हजार डॉलर आणि वर, असे आकडे त्याने दिले आहेत. त्याच्या विद्यावेतनाचा जवळजवळ निम्मा भाग. जागा पाहायला गेले की अर्जाचे पैसे वेगळे. त्यातल्या त्यात दिलासा असा, की २०२३ साली त्या राज्याने कायदा केला : अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि भाड्याच्या दुपटीहून जास्त उत्पन्न दाखवा अशी अट घालता येत नाही. पण भाड्याच्या आकड्याला लगाम नाही. १९८० च्या सुमारास बोल्डरच्या काही नागरिकांनी भाडेनियंत्रणाचा प्रयत्न केला होता. १९८१ मध्ये राज्याने कायदाच केला की कोणत्याही गावाने खाजगी घरांवर भाडेनियंत्रण आणायचे नाही.

इथपर्यंतची कथा कुठल्याही गावची आहे. घरमालक लोभी, भाडेकरू गरजू, सरकार मालकाच्या बाजूला. अशी मांडणी करून मी दोन पानांत मोकळा झालो असतो. पण या गावाची गोष्ट निराळी आहे. तिथली महागाई निदान काही अंशी एका चांगल्या कामातून जन्मली आहे, आणि म्हणूनच मला तिच्यावर लिहावेसे वाटले.

१८९८ साली या गावच्या मतदारांनी कर्ज काढून डोंगराच्या पायथ्याची जमीन विकत घेतली. साठ वर्षांनी गाव वाढू लागले आणि घरे चढण चढू लागली. तेव्हा विद्यापीठातले दोन प्राध्यापक, एक गणिताचा आणि एक पदार्थविज्ञानाचा, पुढे झाले. पदार्थविज्ञानाचे ते अल्बर्ट बार्टलेट. त्यांच्या गटाने युक्ती काढली ती गणितज्ञाला शोभेल अशी साधी होती. डोंगरावर घर बांधू नका असे म्हणायचेच नाही. सुमारे ५,७५० फुटांवर नकाशात एक रेघ ओढायची आणि तिच्या वर नगरपालिकेचे पाणी चढवायचे नाही. नळ नाही तिथे बंगला कशाला बांधतो कोणी! १९५९ साली मतदारांनी ही रेघ मान्य केली. तिला 'निळी रेघ' म्हणतात. १९६१ मध्ये त्यांनी तिला एक अपवाद केला तो हवामान-संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रासाठी. म्हणजे आमचा मुलगा ज्या विद्येपायी तिकडे गेला, तिच्यासाठी त्या लोकांनी आपली रेघ वाकवली होती. पुढच्याच वर्षी एका पठारावर मोठे हॉटेल होऊ घातले होते, तर लोकांनी कर्जरोखे मंजूर करून ते पठारच विकत घ्यायचे ठरवले. आणि १९६७ मध्ये, माळराने आणि डोंगर राखण्यासाठी प्रत्येक खरेदीवर स्वतःलाच कर लावून घेतला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले गाव. आज पंचेचाळीस हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन ते गाव राखते आणि तिच्या बऱ्याच भागावर कोणीही चालावे.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्या कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि त्यानंतर यवतेश्वरापासून कासपर्यंतच्या रस्त्याला लॉज आणि हॉटेले कशी फुटली ते सातारकरांनी पाहिले आहे. आमच्यात एखादा गणिताचा प्राध्यापक निपजला असता तर! तेव्हा त्या रेघ ओढणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्याविना आज त्या इस्त्र्यांवर बंगल्यांच्या सुरकुत्या पडल्या असत्या.

पण एका बाजूने डोंगर बांधून ठेवला, दुसऱ्या बाजूने माळ बांधून ठेवले. १९७१ मध्ये पंचावन्न फुटांपेक्षा उंच इमारत नको असे ठरले, १९७६ मध्ये घरांची वाढ वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास रोखायचे ठरले. प्रत्येक निर्णय लोकांच्या मतांनी झाला आणि प्रत्येकामागे काही ना काही चांगले कारण होते. त्यांची बेरीज मात्र अशी झाली की मध्ये जी घरे होती ती सोन्याची झाली. ज्यांनी १९५९ मध्ये मत दिले त्यांना डोंगर मिळाला आणि डोंगराच्या शेजारचे घरही मिळाले. जे मुळी जन्मलेच नव्हते त्यांच्याकडून त्या मताचे पैसे दरमहा घेतले जात आहेत.

इथे प्रश्न उभा राहतो तो नीतीचा. चांगल्या कामाची किंमत, ज्याला कोणी विचारले नाही अशा माणसाने द्यावी काय? आपल्याकडे सत्कृत्याचा हिशेब फक्त जमेच्या बाजूने ठेवण्याची रीत आहे. विहीर खणली, पुण्य लागले, संपले. त्या विहिरीमुळे खालच्या वावरातल्या दुसऱ्या विहिरीचे पाणी गेले, तर ते कोणाच्या खात्यावर लिहायचे, हे पोथ्यांत मला कुठे आढळले नाही. मला वाटते, कर्त्याला परिणामाचा दोष लावता येत नाही, कारण परिणाम त्याला दिसत नव्हता. पण परिणाम दिसू लागल्यावर तो जर गप्प बसून त्याचा लाभ घेऊ लागला, तर त्या क्षणापासून मात्र तो नवा कर्ता होतो. १९५९ चा मतदार निर्दोष आहे. वीस-पंचवीस वर्षांनी, आपल्या घराचा भाव पाहून मनातल्या मनात हसणारा आणि शेजारी चार खोल्यांची चाळ होऊ लागली की 'गावाचे रूप बिघडेल' म्हणून सभेत उभा राहणारा जो कोणी असेल, तो निर्दोष नाही. मग माणूस तोच का असेना.

हे नुसते तर्कट नाही. त्या गावात फार वर्षे एक नियम होता : नात्यागोत्याचे नसलेले तीनपेक्षा अधिक लोक एका घरात राहू शकत नाहीत, काही भागांत चार. घराला पाच खोल्या असोत की सहा, दोन रिकाम्या राहिल्या तरी चालतील. एका आईची पोरे असतील तर आठही चालतील; पण पाच विद्यार्थी भाडे वाटून घेऊ म्हणाले की गुन्हा. २०२१ मध्ये हा नियम बदलण्याचा ठराव लोकांपुढे गेला आणि लोकांनी तो नाकारला. हेच लोक डोंगरासाठी कर भरतात! २०२३ मध्ये नगरपरिषदेने तिनाचे पाच केले, आणि २०२४ मध्ये राज्यानेच कायदा करून नात्यावरून माणसे मोजण्याची पद्धत बंद केली. डोंगरावर चालायला सर्व जगाला मोकळीक आणि गल्लीत राहायला मात्र रक्ताचे नाते! उदारपणा उंबरठ्यापर्यंत येऊन कसा थबकतो याचा इतका चोख दाखला मला दुसरा आठवत नाही.

दुसरा आठवत नाही असे लिहिले खरे, पण ते खोटे आहे. आपल्याकडे तो रोजचा आहे. 'फक्त कुटुंबासाठी' ही पाटी तर साऱ्या महाराष्ट्रात आहे. पुढचे प्रश्न पाटीवर लिहीत नाहीत, चहा देताना विचारतात : गाव कुठले, खाण्याचे काय, आडनाव काय. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये जो माणूस राहू शकला, तो बडोद्यात राहू शकला नाही. शंभर वर्षे होऊन गेली. तो प्रश्न आपण अजून विचारतो, फक्त आवाज मऊ झाला आहे. मीही विचारला आहे.

आणि याच साताऱ्यात दुसरेही एक उदाहरण आहे. १९२४ साली भाऊराव पाटलांनी इथे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मराठा, महार, मुसलमान, जैन, ज्या मुलाला शिकायचे आहे आणि ज्याला जागा नाही तो आत. सगळी मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. बोल्डरच्या जुन्या नियमाने ते घर बेकायदा ठरले असते. रक्ताचे नाते एकालाही नव्हते. 'रयत'ची मोठमोठी कॉलेजे लोकांना दिसतात, पण तिचा पाया वर्गखोलीत नाही, राहण्याच्या जागेत आहे, हे मला नेहमी वाटत आले आहे. भाऊरावांना कळले होते की गरिबाच्या पोराला फी माफ केली तरी तो शिकू शकत नाही. रात्री पाठ टेकायला त्याला कोणी जागा देत नाही.

गंमत अशी, की आमच्या मुलाने तसलेच काहीसे बोल्डरमध्येही पाहिले. तिथे काही सहकारी घरे आहेत. दहा-बारा लोक एका घरात राहतात, स्वयंपाकाच्या पाळ्या लावतात, बैठक घेऊन हिशेब करतात आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी खर्चात राहतात. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी नगरपरिषदेने नियम सोपे केले. त्यातल्या एका घराचे नाव चक्क 'मसाला' आहे! आमच्या मुलाने नाव वाचूनच अर्ज केला, जागा नव्हती. 'नावावरून तरी घ्यायला हवे होते' असे तो लिहितो.

शेवटी त्याने लफाएट या गावी खोली घेतली. बोल्डरच्या पूर्वेला दहाएक मैल. एकेकाळी कोळशाच्या खाणकामगारांचे गाव. भाडे कमी. विद्यापीठाच्या मुलांना बसचा पास मिळतो, आणि तिकडच्या काही बसगाड्यांना आकड्यांऐवजी नावे आहेत : हॉप, स्किप, जंप. हा 'जंप'ने जातो. संध्याकाळी उशीर झाला की गाडीची वाट पाहत थंडीत उभा राहतो. डोंगर राखलेल्या गावात रोज सकाळी हजारो माणसे अशी बाहेरून येतात, शिकवतात, शिकतात, भांडी घासतात, नळ दुरुस्त करतात आणि दिवे लागले की परत जातात. त्यांच्या गाड्यांचा धूर त्याच डोंगराला लागतो, हेही त्या गणितात धरायला हवे होते.

माझे एक सहकारी शिक्षक आहेत. त्यांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "अहो, परवडत नाही त्याने लांब राहावे. डोंगर पाहण्याचा हक्क घटनेत कुठे लिहिला आहे?" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येकाला प्रत्येक खिडकीशी बसवता येणार नाही. कोणी तरी भिंतीकडे तोंड करून बसणारच, हे वर्गात रोज बाके लावणाऱ्याला समजते. पण वर्गात आम्ही बाके फिरवतो. खिडकीजवळच्या पोराला 'हे बाक तुझ्या बापाने विकत घेतले आहे' असे म्हणू देत नाही.

मुलाने पत्रात आणखी एक ओळ लिहिली आहे : लफाएटहून पर्वताची सबंध रांग दिसते, बोल्डरमध्ये उभे राहिले की समोरची तेवढी शिळा दिसते. वाचून मला क्षणभर फार बरे वाटले. मग लक्षात आले, की हे बरे वाटणे घरमालकाचे आहे. लांब राहणाऱ्याने स्वतःची समजूत घातली तर ते त्याचे मन मोठे. ती समजूत आपण आपल्या सोयीसाठी उसनी घेऊ नये.

आता ते कारण. हा मुलगा माझ्या माडीवर राहत होता तेव्हा भाडे बाराशे रुपये होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला एक पुण्याचे गृहस्थ आले. शनिवार-रविवार डोंगर चढायला साताऱ्याला यायचे, म्हणून त्यांना कायमची जागा हवी होती. खिडकी उघडून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही खोली विकता आहात, व्ह्यू फुकट देता आहात." त्यांनी दोन हजार सांगितले. मी मुलाला बोलावले आणि घरदुरुस्तीचे कारण सांगून पुढच्या महिन्यापासून दोन हजार होतील म्हटले. दुरुस्ती काही नव्हती. तो "बरं, सर" म्हणाला आणि आठ दिवसांत ट्रंक सायकलवर बांधून हायवेच्या पलीकडे एका पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. तिथून त्याला कॉलेज चार किलोमीटर पडत होते. जाताना खोली झाडून गेला होता.

किल्ला मी बांधला नाही. तो शिलाहारांच्या काळातला म्हणतात. मी फक्त भिंतीला भोक असलेल्या घरात जन्मलो. बाराशेवरचे ते आठशे रुपये मी कशाचे घेत होतो? चुन्या-विटांचे तर बाराशेत फिटत होते. त्या गृहस्थांकडून मी ते सात वर्षे घेतले, त्यात एक कादंबरी माझ्या खर्चाने छापली. वर ते महिन्यातून चार रात्री राहत. उरलेल्या सव्वीस रात्री खिडकी बंद असे. रिकाम्या खोलीचे भाडे घ्यायला मला काही वाटत नव्हते, उलट भाडेकरू शांत आहे म्हणून मी त्यांची स्तुती करत असे.

मुलाच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही. तीन वेळा लिहिले आणि पुसले. पहिल्यात बोल्डरच्या लोकांना उपदेश झाला होता, दुसऱ्यात भाऊरावांचे चरित्र झाले, तिसऱ्यात मी माफी मागितली होती. पण त्याने ती मागितलेली नाही, आणि त्याला माझी दुरुस्तीची थाप कळली होती की नाही हेही मला ठाऊक नाही. कदाचित प्रश्न विचारताना त्याच्या मनात माझी खिडकी नसेलही.

पुण्याच्या गृहस्थांनी जूनमध्ये जागा सोडली. त्यांनी कासच्या रस्त्याला स्वतःचेच घर बांधले. खोली तेव्हापासून रिकामी आहे. परवा पाटण तालुक्यातल्या दोन मुली विचारायला आल्या. एक नर्सिंगला आहे, दुसरी तिची मामेबहीण. वर नेऊन खोली दाखवली. धाकटी खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मोठी मात्र मोरीचा नळ सोडून पाहत होती. पाणी किती वेळ असते, कडी आतून नीट लागते का, हे तिने विचारले. मग म्हणाली, "काका, भाडं काय?"

बाजार चार हजारांचा आहे. मी जिन्यात उभा राहून मनात हिशेब करत होतो : घरपट्टी, गच्चीचा गळका कोपरा, नळाचे पैसे, रंग. सगळे धरून दोन हजारांच्या वर जाईना. तरी तोंडातून आकडा बाहेर यायला वेळ लागला. खालून बायकोने हाक मारून विचारले, "अहो, किती सांगितलंत?" मी सांगितले. थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "रविवारी सामान आणा म्हणावं. आणि गच्चीचा तो कोपरा आधी बघा, त्यांच्या अंथरुणावर गळेल."